मन्स्टर रग्बी आणि तिची 'लाल फौज': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिमरिक, कॉर्क आणि डब्लिनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेले मराठी लोक, आणि भारतात रात्र जागवून सामने बघणारे, यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. मन्स्टर हा आयर्लंडमधला रग्बी संघ, आणि 'लाल फौज' म्हणजे लाल जर्सीतले त्याचे पाठीराखे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मन्स्टर हा नक्की क्लब आहे की राज्याचा संघ?

प्रांताचा संघ. आयर्लंडचे पारंपरिक प्रांत चार: मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट. मन्स्टर नैऋत्येचा. त्यात कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअर, टिपरेरी आणि वॉटरफर्ड अशा सहा काउंटी येतात. खरे क्लब याच्या खालच्या पायरीवर आहेत: लिमरिकचे शॅनन, गॅरीओवेन आणि यंग मन्स्टर, कॉर्कचा कॉर्क कॉन्स्टिट्यूशन, वगैरे. मुंबईचा रणजी संघ वेगळा आणि मैदानांवरचे जिमखाने वेगळे, तसंच हे नातं आहे.

1995 मध्ये रग्बी व्यावसायिक झाली तेव्हा इंग्लंड-फ्रान्समध्ये क्लब मोठे झाले, आयर्लंडमध्ये मात्र राष्ट्रीय संघटनेने प्रांतांनाच पगारी संघ केलं. म्हणून आज युरोपात खेळतो तो मन्स्टर, शॅनन नाही. पण मन्स्टरच्या प्रेक्षकाला समजून घ्यायचं तर हे क्लब विसरून चालत नाही. 1990-91 मध्ये ऑल-आयर्लंड लीग सुरू झाली, तिची पहिली नऊच्या नऊ विजेतेपदं मन्स्टरच्या क्लबांनी नेली. त्यातली सलग चार, 1995 ते 1998, एकट्या शॅननची. डब्लिनमध्ये रग्बी मुख्यतः फी भरायच्या शाळांतून आली. लिमरिकमध्ये ती गल्लीबोळातली आहे. स्टँडमध्ये शेजारी बसलेला गवंडी तुम्हाला स्क्रमची (दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून चेंडूसाठी ढकलतात ती झुंज) बारकी चूक समजावून सांगतो, त्यामागे हे आहे.

2. गुण कसे मोजतात? आणि तक्त्यातले 'बोनस' काय असतात?

चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, 5 गुण. त्यानंतर कन्व्हर्जनची किक, 2 गुण. पेनल्टी किक 3, खेळता खेळता मारलेला ड्रॉप गोल 3. कन्व्हर्जन कुठून मारायची हे ट्राय कुठे झाला त्यावर ठरतं: चेंडू कोपऱ्यात टेकवला असेल तर किकही त्याच रेषेवरून, म्हणजे मैदानाच्या काठाजवळून मारावी लागते. खांबांमधलं अंतर 5.6 मीटर आणि आडवी पट्टी 3 मीटर उंच. काठावरून ती फट किती अरुंद दिसते ते एकदा तिथे उभं राहून पाहा. म्हणूनच ट्राय नक्की दिसत असतानाही खेळाडू आणखी आत, खांबांकडे धावायचा प्रयत्न करतो.

लीगच्या तक्त्यात विजयाला 4 गुण, बरोबरीला 2. चार किंवा जास्त ट्राय केले तर 1 बोनस, आणि 7 किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तरी 1 बोनस. शेवटच्या मिनिटाला सामना हातातून गेलेला असताना लोक का ओरडताहेत हा प्रश्न नवख्यांना पडतो. उत्तर बहुतेक वेळा हेच: 10 गुणांनी हरणं आणि 7 गुणांनी हरणं यात एका गुणाचा फरक आहे, आणि मे महिन्यात, बाद फेरीतले संघ ठरताना, तो एक गुण महागात पडतो.

3. घरचं मैदान कोणतं? लिमरिक की कॉर्क?

दोन्ही, पण समसमान नाही. लिमरिकचं थोमंड पार्क मोठं: सुमारे 25,600 लोक मावतात, त्यातले 15 हजारांच्या आसपास बसून आणि बाकीचे उभे. कॉर्कचं मस्ग्रेव्ह पार्क सुमारे 8,000 चं. युरोपातले आणि लेन्स्टरविरुद्धचे सामने सहसा थोमंडला, लीगमधले काही मस्ग्रेव्हला. प्रायोजकांमुळे मैदानांच्या नावांत अधूनमधून बदल होतो. रस्ता विचारताना जुनंच नाव वापरा.

तिकिटावर मैदानाचं नाव दोनदा वाचा. लिमरिक ते कॉर्क साधारण 100 किलोमीटर आहे आणि 'मन्स्टरचा घरचा सामना' एवढंच ऐकून चुकीच्या शहरात पोहोचणारे दर हंगामात निघतात. कॉर्कमध्ये तिसरंही एक मैदान कधीकधी येतं: पार्क ई कीव्ह, गेलिक खेळांचं. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे दक्षिण आफ्रिकेच्या निवड संघाविरुद्ध सामना झाला, 41,400 लोक आले आणि मन्स्टर 28-14 ने जिंकलं.

4. किक मारताना अख्खं स्टेडियम गप्प का होतं? काही बिघडलं का असं वाटतं.

बिघडलेलं नसतं, हाच नियम आहे. लिहिलेला नाही, पण तिकिटाच्या मागे छापलेल्या कुठल्याही नियमापेक्षा कडक पाळला जातो. आपला खेळाडू असो की समोरचा, किक मारणाऱ्याने चेंडू टीवर (चेंडू उभा ठेवायची छोटी बैठक) ठेवला की बोलणं थांबतं. शिट्टी नाही, हुर्यो नाही, 'चल रे' सुद्धा नाही. किक मारायला 60 सेकंदांची मर्यादा असते, म्हणजे जवळजवळ मिनिटभर 25 हजार लोक गप्प. वारा, कुठेतरी झेंड्याची फडफड आणि बुटाचा चेंडूवर आवाज, एवढंच ऐकू येतं.

नव्या माणसाने काय करायचं: चेंडू ठेवताना दिसला की वाक्य अर्धं सोडा. मोबाइलची घंटी आधीच बंद ठेवा. वाट काढत जागेवर परतत असाल तर जिन्यातच थांबा. किक मारून चेंडू हवेत गेला की मग बोला. लहान मूल रडलं तर कोणी काही म्हणत नाही. मोठ्या माणसाने शिट्टी मारली तर आजूबाजूचे पन्नास जण 'शूऽऽ' करतात, आणि ते शूऽऽ त्या शिट्टीपेक्षा मोठं असतं.

हा सभ्यपणा आहेच, पण निव्वळ सभ्यपणा नाही. गोंगाट सगळीकडे असतो, त्याची पाहुण्या किकरला सवय असते. एवढ्या लोकांच्या शांततेची सवय कोणाला नसते. आमच्या मते थोमंडचं सर्वांत धारदार हत्यार गाणी नसून ही शांतता आहे.

5. कोणती गाणी म्हणतात? शब्द पाठ असायला हवेत का?

मुख्य दोन. 'स्टँड अप अँड फाइट' हे संघाचं गाणं. त्याची चाल ऑपेरातली आहे आणि ते सामन्याआधी किंवा विजयानंतर येतं. 'द फील्ड्स ऑफ अॅथनराय' हे सामना चालू असताना उठतं, बहुधा संघ मागे पडलेला असताना किंवा शेवटची दहा मिनिटं राहिलेली असताना. कोणी सुरुवात करा म्हणत नाही. टेरेसच्या (उभं राहून बघायची जागा, प्रश्न 13) एका कोपऱ्यातून ते निघतं आणि पसरतं. ध्रुवपद यायला लागलं तरी पुरे. क्रॅनबेरीज हा बँड लिमरिकचा, त्यामुळे त्यांची गाणीही लाऊडस्पीकरवर लागतात आणि लोक ती उचलून धरतात.

याशिवाय संथ लयीत 'मन्ऽस्टर, मन्ऽस्टर' हा गजर. ताल धीमा ठेवा; नवखे घाई करतात आणि तो मोडतो.

6. पण अॅथनराय तर गॉलवे काउंटीत, म्हणजे कॉनॉट प्रांतात. मग मन्स्टरवाले ते गाणं का म्हणतात?

भूगोल बरोबर आहे. पण ते गाणं दुष्काळात धान्य चोरल्याबद्दल हद्दपार झालेल्या माणसाचं आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या त्या दुष्काळाची झळ पश्चिम आणि दक्षिण आयर्लंडभर पोहोचली होती. त्यामुळे ते एका गावाचं राहिलं नाही. आयर्लंडचे फुटबॉलप्रेमी ते म्हणतात, ग्लासगोचे सेल्टिकवालेही म्हणतात. कॉनॉटविरुद्धच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे लोक तेच गाणं म्हणू लागतात तेव्हा मात्र गंमत होते.

7. 1978 चा एवढा उदो उदो का?

31 ऑक्टोबर 1978 रोजी थोमंड पार्कवर मन्स्टरने न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला, म्हणजे ऑल ब्लॅक्सना, 12-0 हरवलं. तेव्हा ट्रायला 4 गुण होते, त्यामुळे हिशेब असा: ख्रिस्टी कँटिलनचा ट्राय 4, टोनी वॉर्डचं कन्व्हर्जन 2, आणि वॉर्डचेच दोन ड्रॉप गोल 6. प्रशिक्षक टॉम कीर्नन. सगळे हौशी खेळाडू, सामना मंगळवारी, टीव्हीवर थेट प्रक्षेपण नाही. त्यानंतर आयरिश संघाला ऑल ब्लॅक्सना हरवायला 2016 उजाडावं लागलं (प्रश्न 10).

त्या दिवशी मैदानात अंदाजे 12,000 लोक होते. 'मी तिथे होतो' म्हणणारे मात्र आतापर्यंत लाखभर तरी भेटले असतील, असा लिमरिकमधला जुना विनोद आहे. पबमध्ये एखादे आजोबा सांगू लागले तर त्यांचं वय मनात मोजू नका, ऐकून घ्या.

याचा पुढचा अध्याय कमी लोकांना माहीत असतो. नूतनीकरण झालेल्या थोमंडवर 18 नोव्हेंबर 2008 ला ऑल ब्लॅक्स पुन्हा आले. त्यांच्या हाकाआधी (सामन्यापूर्वीचं त्यांचं माओरी आव्हान-नृत्य) मन्स्टरकडून खेळणाऱ्या चार न्यूझीलंडरांनी, त्यात डग हाउलेट आणि रुआ टिपोकी, लाल जर्सीत स्वतः हाका केला. मन्स्टर शेवटपर्यंत पुढे होतं. अगदी अखेरीस जो रोकोकोकोच्या ट्रायमुळे 18-16 ने हरलं. हरलेला सामना इतक्या अभिमानाने सांगितला जाताना दुसरीकडे क्वचितच दिसेल.

8. 'मिरॅकल मॅच' म्हणजे कोणती?

18 जानेवारी 2003, थोमंड पार्क, समोर इंग्लंडचा ग्लॉस्टर. हायनेकन कपच्या (युरोपातली मुख्य स्पर्धा) बाद फेरीत जायला मन्स्टरला नुसतं जिंकून भागत नव्हतं. चार ट्राय हवे होते आणि विजय किमान 27 गुणांचा. सामना संपत आला तेव्हा तीन ट्राय झाले होते. जॉन केलीने चौथा केला. तरी दोन गुण कमी होते, म्हणजे सगळं कन्व्हर्जनवर आलं. रोनन ओ'गाराने ते मारलं. 33-6. फरक बरोबर 27.

बोनस आणि फरकाचं गणित (प्रश्न 2) कोरडं वाटत असेल तर हा सामना शोधून बघा, शेवटच्या त्या किकआधीच्या शांततेसकट.

9. मन्स्टरने आतापर्यंत काय काय जिंकलंय?

युरोपचा हायनेकन कप दोनदा: 2006 आणि 2008. लीगची (तिची नावं सेल्टिक, मॅग्नर्स, युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप अशी बदलत गेली) विजेतेपदं 2003, 2009, 2011 आणि 2023 मध्ये.

पण यादीपेक्षा हरलेल्या अंतिम फेऱ्या आधी समजून घ्या, नाहीतर 2006 चं रडणं कळणार नाही. 2000 मध्ये नॉर्दम्प्टनकडून 9-8, एका गुणाने. 2002 मध्ये लेस्टरकडून 15-9. त्या सामन्याच्या अखेरीस लेस्टरच्या रेषेजवळ मन्स्टरला स्क्रम मिळाला, पीटर स्ट्रिंगर चेंडू आत टाकणार तोच लेस्टरच्या नील बॅकने त्याच्या हातातून चेंडू फटकावून काढला. पंचांनी पाहिलं नाही. लिमरिकमध्ये हे नाव आजही जपून घ्यावं.

20 मे 2006 ला कार्डिफमध्ये बियारित्झविरुद्ध हाच स्ट्रिंगर, मैदानावरच्या सर्वांत लहानखुऱ्या खेळाडूंपैकी एक, स्क्रममागून पास देण्याऐवजी स्वतः अरुंद बाजूने पळाला आणि ट्राय केला. सामना चालू असताना स्टेडियमच्या पडद्यावर लिमरिकच्या ओ'कॉनल स्ट्रीटचं दृश्य दाखवलं: मोठ्या पडद्यासमोर रस्ताभर लाल गर्दी. कार्डिफमधल्या लोकांनी घरचे लोक पाहिले आणि जो आवाज झाला तो खेळाडूंनाही जाणवला. 23-19. कर्णधार अँथनी फोली. 2008 मध्ये पुन्हा कार्डिफ, टुलूझ 16-13, कर्णधार पॉल ओ'कॉनल.

2023 चं विजेतेपद वेगळ्या जातीचं. लीगमध्ये पाचवा क्रमांक, म्हणून बाद फेरीचे तिन्ही सामने परक्या मैदानावर: ग्लासगो, मग डब्लिनमध्ये लेन्स्टर, 16-15, जॅक क्राउलीच्या ड्रॉप गोलवर, मग 27 मे ला केपटाउनमध्ये स्टॉर्मर्स, 19-14.

10. फोलींच्या स्मरणार्थ 8 क्रमांकाची जर्सी कायमची बंद केली हे खरं का?

नाही, एका सामन्यापुरती. अँथनी फोली, टोपणनाव 'अॅक्सेल', हे पुढे मन्स्टरचे मुख्य प्रशिक्षक झाले. ऑक्टोबर 2016 मध्ये रेसिंग 92 विरुद्धच्या सामन्यासाठी संघ पॅरिसला गेलेला असताना हॉटेलात त्यांचं निधन झालं. वय 42. तो सामना पुढे ढकलला.

22 ऑक्टोबरला थोमंडवर ग्लासगो आलं. फोली 8 क्रमांकावर खेळत, म्हणून त्या दिवशी तो क्रमांक कोणालाच दिला नाही; त्या जागी खेळलेल्या सीजे स्टँडरने 24 क्रमांक घातला. कीथ अर्ल्सला पहिल्या वीस मिनिटांतच लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा वेळ 14 जण खेळले आणि 38-17 ने जिंकले. दोन आठवड्यांनी शिकागोत आयर्लंडचे खेळाडू ऑल ब्लॅक्सच्या हाकासमोर इंग्रजी 8 च्या आकारात उभे राहिले आणि 40-29 ने जिंकले. पुढे मन्स्टरची 8 क्रमांकाची जर्सी नेहमीसारखी वापरात आली.

11. तिकीट काढलं, गेलो, तर संघात ओळखीचं एकही नाव नाही. असं का?

तारीख बघा. नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सामने असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स ही सहा युरोपीय देशांची स्पर्धा. या काळात आयर्लंडचे खेळाडू राष्ट्रीय शिबिरात असतात. शिवाय त्यांच्या खेळण्याच्या मिनिटांवर राष्ट्रीय संघटनेचं लक्ष असतं, त्यामुळे शिबिरातून आल्यावरही एखादा आठवडा विश्रांती मिळते. एखाद्या विशिष्ट खेळाडूसाठी येत असाल तर डिसेंबर-जानेवारीतले युरोपीय सामने किंवा एप्रिल-मे निवडा. संघ साधारण सामन्याच्या आदल्या दिवशी जाहीर होतो.

बाकीच्या सामन्यांना जाऊ नये असं मात्र नाही. अकादमीतली पोरं नेमकी याच आठवड्यांत पहिल्यांदा दिसतात, आणि पुढे आयर्लंडकडून खेळणाऱ्याला आपण मस्ग्रेव्ह पार्कवर दीड हात अंतरावरून पाहिलं होतं हे सांगायला मिळतं.

12. मन्स्टरचा खेळाडू लेन्स्टरला गेला तर त्याची हुर्यो करायची का? आणि ओ'गारा समोरच्या संघाचा प्रशिक्षक असेल तर?

ये-जा दोन्हीकडून असते. टाईग बर्न हा कर्णधार मूळचा किल्डेअरचा, म्हणजे लेन्स्टर प्रांताचा. जोई कार्बरी 2018 मध्ये लेन्स्टरहून आला. उलट 2024 मध्ये आरजी स्नायमन मन्स्टर सोडून लेन्स्टरला गेला. त्याची मन्स्टरमधली वर्षं दुखापतींत गेली होती, त्यामुळे चडफड जास्त झाली. रूढ पद्धत अशी: नाव पुकारल्यावर कुजबुज चालते, त्याने चेंडू घेतल्यावर थोडा आवाज चालतो, किकच्या वेळी काहीच चालत नाही. मैदानाबाहेर जाताना जुन्या खेळाडूला टाळ्या मिळतात.

ओ'गाराची गोष्ट निराळी. 12 नोव्हेंबर 2011 ला नॉर्दम्प्टनविरुद्ध 41 टप्पे (एका टॅकलपासून पुढच्या टॅकलपर्यंत एक) चेंडू हातात राखल्यानंतर त्याने मारलेला विजयी ड्रॉप गोल (23-21) लोकांना तोंडपाठ आहे. पुढे तो फ्रान्सच्या ला रोशेलचा प्रशिक्षक झाला आणि 2022, 2023 असे सलग दोन चॅम्पियन्स कप (हायनेकन कपचंच पुढचं रूप) जिंकला. एप्रिल 2025 मध्ये मन्स्टरने ला रोशेललाच जाऊन त्याच्या संघाला 25-24 ने हरवलं. त्याचं स्वागत होतं, त्याच्या संघाचं नाही.

13. स्टँड घ्यावा की टेरेस? काय घालून जावं, मुलांचं आणि शाकाहारी जेवणाचं काय?

थोमंडला लांबीच्या दोन बाजूंना पूर्व आणि पश्चिम स्टँड: छप्पर आणि खुर्च्या. दोन्ही टोकांना टेरेस: उभं राहायचं, छप्पर नाही, तिकीट स्वस्त. गाणी बहुतेक टेरेसवरून सुरू होतात. पण खांबांच्या मागून खेळाची खोली कळत नाही. चेंडू कुठल्या बाजूने सरकतोय हे पहिल्या सामन्यात समजत नाही. त्यामुळे पहिल्यांदा स्टँड, दुसऱ्यांदा टेरेस, असा आमचा सल्ला. दहा वर्षांखालच्या मुलांना टेरेसवर पुढच्यांच्या पाठींशिवाय काही दिसत नाही.

तिकीट संघाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. हंगामी सदस्यांना मोठ्या सामन्यांत अग्रक्रम असतो, उरलेली मग खुली होतात. एकाच कुटुंबासाठी वेगवेगळ्या दिवशी तिकिटं काढलीत तर जागा शेजारी मिळणार नाहीत.

पाऊस अटलांटिकचा, तिरका. छत्री आणू नका. मागच्याला दिसत नाही आणि वाऱ्यात ती टिकतही नाही. टोपीवाला रेनकोट, आत दोन पातळ थर, पाणी न शिरणारे बूट, लोकरी टोपी. जीन्स भिजली की उत्तरार्धभर थंडी वाजते. नवी जर्सी महाग असते आणि प्रायोजक बदलला की जुनी वाटू लागते. लाल मफलर वर्षानुवर्षं चालतो.

आत मुख्यतः चिप्स आणि बर्गर. काटेकोर शाकाहारी असाल तर चिप्स कोणत्या तेलात तळल्यात ते विचारा, किंवा शहरातच खाऊन या. शनिवारचा सामना असेल तर लिमरिकच्या मिल्क मार्केटमध्ये सकाळी पोटभर आणि स्वस्तात होतं. कोल्बर्ट स्थानकापासून मैदान चालत अर्धा-पाऊण तास, शॅनन नदीचा पूल ओलांडून. कॉर्कहून 51 क्रमांकाची बस लिमरिकला येते. सामना संपल्यावर परतीची शेवटची गाडी कितीची आहे ते आधी बघा, कारण रात्रीचे सामने साडेनऊच्या पुढे संपतात.

14. घरचा बाद फेरीचा सामना डब्लिनला कसा काय झाला होता? आणि तो पेनल्टी शूटआउट?

7 मे 2022, चॅम्पियन्स कपची उपांत्यपूर्व फेरी, समोर टुलूझ. थोमंड पार्कवर त्याच आठवड्यात एड शीरनचे कार्यक्रम आधीच ठरलेले होते, त्यामुळे सामना डब्लिनच्या अविवा स्टेडियमवर हलवावा लागला. लाल कपड्यांनी ते भरलं खरं, पण बाद फेरीचा सामना थोमंडच्या बाहेर गेला याची नाराजी टिकून राहिली. ती रास्त होती.

80 मिनिटांनंतर 24-24. जादा वेळ 10-10 मिनिटांचा, तरी 24-24. मग प्लेस किकचा मुकाबला: दोन्हीकडून ठरलेले तिघे, ठरलेल्या जागांवरून आळीपाळीने. टुलूझ 4-2 ने जिंकलं. फुटबॉलसारखा इथे गोलरक्षक नसतो, त्यामुळे चुकलं तर ते पूर्णपणे किकरचंच असतं. 31 मे 2025 ला डर्बनमध्ये शार्क्सविरुद्ध तसंच घडलं: 24-24, आणि किक्समध्ये 6-4 ने हार. मन्स्टरकडून पीटर ओ'मॅहनी आणि कॉनर मरे यांचा प्रवास त्याच रात्री संपला. हा प्रकार बंद करून जादा वेळ वाढवावा असं म्हणणारे मन्स्टरमध्ये बरेच आहेत; का, ते सांगायला नको.

15. भारतातून बघतो. वेळेचा घोळ होतो. सोपा हिशेब काय?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत आयर्लंड भारताच्या साडेपाच तास मागे, उरलेल्या महिन्यांत साडेचार. म्हणजे शुक्रवारी तिथे संध्याकाळी 7:45 चा सामना हिवाळ्यात आपल्याकडे शनिवारी पहाटे 1:15 ला, आणि मे महिन्यात 12:15 ला.

घोळ होतो तो बहुधा 'आयएसटी' या अक्षरांमुळे. उन्हाळ्यात आयर्लंडच्या घड्याळालाही आयएसटीच म्हणतात. आयरिश पानावर '7:45 आयएसटी' दिसलं आणि तुम्ही संध्याकाळी पावणेआठला टीव्ही लावलात, तर संघ अजून बसमध्येही बसलेला नसेल. दक्षिण आफ्रिकेतले सामने सोयीचे: तो देश वर्षभर साडेतीन तासच मागे असतो. प्रक्षेपणाचे हक्क हंगामागणिक बदलतात, सप्टेंबरात एकदा तपासून घ्या.

16. डब्लिनमध्ये राहतो, ऑफिसात सगळे लेन्स्टरवाले. मन्स्टरला पाठिंबा दिला तर चालेल? त्यांच्यात बसायचं कसं?

चालतं. रग्बीत घरच्या आणि पाहुण्या प्रेक्षकांना वेगळं बसवत नाहीत. लेन्स्टरच्या निळ्या मफलरीच्या शेजारी लाल मफलर, मध्ये चिप्सचा एकच पुडा, हे नेहमीचं दृश्य आहे. टोमणे मात्र दोन्हीकडून, आणि त्यांची शिदोरी बरोबर हवी. 2006 ची युरोपीय उपांत्य फेरी: लॅन्सडाउन रोडवर मन्स्टर 30, लेन्स्टर 6, तेही त्यांच्याच शहरात लाल गर्दी जास्त असताना. त्यावर ते तुम्हाला 2009 ऐकवतील: क्रोक पार्क, 82,208 प्रेक्षक, लेन्स्टर 25, मन्स्टर 6. मग तुम्ही 2011 ची लीगची अंतिम फेरी काढा, 19-9, थोमंड. ते गेल्या दहा-बारा वर्षांतल्या एकूण विजयांचा हिशेब काढतील. तिथे विषय बदलायचा.

डब्लिनमधल्या सामन्याची तिकिटं लेन्स्टर विकतं, मन्स्टर नाही. बरेच जण चुकीच्या संकेतस्थळावर वाट बघत बसतात. आणि त्या दिवशी थंडी कितीही असली तरी घरातलं एकुलतं गरम जॅकेट निळं असेल, तर ते आत घाला आणि जर्सी वरून.